एकशे बारा नंबरची वेल

चिवारिंगिन,
११ मार्च १९७३

प्रिय एंतिन,

सलाम. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे छप्पर गळतंय, गुडघे कुरकुरतायत आणि मी अजून आहे. तू, दादन आणि तुझी कोंबड्यांची पलटण खुशाल असाल. पत्र दादनच्या हातचं होतं. तू सांगतेस, तो लिहितो, मधेच स्वतःचं काहीतरी घुसडतो आणि तुम्हा दोघांना वाटतं म्हातारीला कळत नाही. "आत्याने आता आराम करावा, नाहीतर तिलाच कागदाला शिवून टाकतील" हे वाक्य तुझं नव्हे. हे पत्रही तोच तुला वाचून दाखवणार, म्हणून त्यालाही सलाम आणि एक धपाटा.

आराम कुठला. साठी उलटली तरी हर्बेरियमवाले मला सोडत नाहीत. नव्या मुली डिंक छान लावतात, पण रानवेलीचा नमुना आला की हात वर करतात. अंगठ्याएवढी जाड लाकडी वेल, पट्ट्यासारखी चपटी. ती डिंकाने बसत नाही, जाड कागदातून दाभण काढून दोऱ्याने शिवावी लागते. मग मोठ्या मानाने "बू इयामना बोलवा". चौतीस वर्षं वाळलेली झाडं कागदाला शिवतेय, आणि अजून कुणी त्यातल्या एका कागदावर माझं नाव लिहिलेलं नाही. ज्याने तोडलं त्याचं लिहितात, ज्याने ओळखलं त्याचं लिहितात. शिवणाऱ्या बाईचं कोण लिहिणार!

सध्या इथे डॉक्टर पूर्बा म्हणून एक बाई आल्यात. सुमात्राच्या, बाटाक जमातीच्या. आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या बाटल्या थरथरतात, पण मनाने चांगल्या. त्यांनी द्राक्षांचं अख्खं कुळ काढलंय. द्राक्षांचं म्हणायचं आपलं. आपल्या रानातल्या त्या वेलींची फळं तोंडात घातलीस तर दोन दिवस घसा खाजेल. सगळी कपाटं रिकामी करून लांब टेबलांवर नमुने मांडलेत आणि कोण कोणाची सख्खी, कोण चुलत ते ठरवणं चाललंय. चार पाकळ्यांच्या इकडे, पाच पाकळ्यांच्या तिकडे. आधाराला विळखा घालणारा तणावा साधा की दुभंगलेला. बी आडवी चिरून तिच्यावरच्या खोबणी भिंगातून बघतात. लग्न जमवणाऱ्या बायकाही इतकी चौकशी करत नसतील.

त्यात माझ्या भावाची, रुस्दीची वेल आली.

तीच, जिला आमच्या तेव्हाच्या डच साहेबांनी, डॉक्टर व्हिस्माननी, तो गेल्यावर त्याचं नाव दिलं आणि जिचं चित्र त्यांनी तुला चौकटीत घालून पाठवलं. आमच्या भाषेत एकशे बारा नंबर. पूर्बाबाई म्हणाल्या, पान एका घरचं आहे आणि बी दुसऱ्याच घरची, आणि बावीस वर्षांत ही बया पुन्हा कुणाला दिसलेली नाही. ती खरोखर असेल तर ती दोन घरांमधला पूल आहे, सगळ्या कुळाची मांडणी नव्याने करावी लागेल. पण फुलाशिवाय काही सिद्ध होत नाही. तेव्हा फूल हवं. आणि त्या फुलासाठी त्यांनी दादनला गाठलं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

"बापाची वेल पोरगा आणणार" असं तू लिहिलंस. किती आनंदाने लिहिलंस ते दिसतंय मला.

एंतिन, मला विचारशील तर आत्ता नको. केंदेंग डोंगराच्या कड्यावर एप्रिल संपेपर्यंत शेवाळ असतं. जळवा तर इतक्या की विचारू नको. दादन चांगला चढतो हे मान्य, पण नारळावर चढणं वेगळं आणि दरीवर वाकलेल्या झाडावर चढणं वेगळं. त्यापेक्षा त्याला महिनाभर माझ्याकडे पाठव. छप्पर दुरुस्त करायचंय, मला दुसरं कोण आहे? इथे टपालखात्यातल्या सोबांद्रींची एक मुलगीही आहे, सावळी, हसतमुख, शिकलेली. बघून तरी जाईल.

वेल काय, बावीस वर्षं थांबली आहे, आणखी थांबेल. पूर्बाबाईंशी मी बोलते.

यंदाही रुस्दीच्या पुण्यतिथीला मला यायला जमेलसं वाटत नाही. गुडघ्यांचं तुला माहीतच आहे. राग मानू नकोस.

तुझी,
इयाम


चिवारिंगिन,
२९ मार्च १९७३, सकाळ

एंतिन,

हे पत्र ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर कारमिन घेऊन येतोय. त्याला चहापाणी नंतर विचार. आधी शाळेच्या मास्तरांना बोलाव आणि त्यांच्याकडून हे वाचून घे. मास्तर, हात जोडून सांगते, जसं लिहिलंय तसंच वाचा, मधलं काही गाळू नका.

पहिली गोष्ट: माणसं पाठव आणि दादनला कड्यावरून खाली आण. आत्ता. उरलेलं पत्र ती माणसं निघाल्यावर ऐकलंस तरी चालेल.

तुझं उत्तर काल दुपारी हातात पडलं. अक्षर मास्तरांचं. पाकिटावर ते बघूनच कळलं, दादन घरी नाही. डॉक्टरबाई यायच्या आत फूल आणून ठेवतो म्हणून दादन सोमवारी एकटाच वर गेला, असं तू कळवलंस. पुढे लिहिलंस, "चेउ, थोरल्या बहिणीसारखी तू, तुला आमचं चांगलं झालेलं बघवत नाही का? नवरा गेला तेव्हा चाळिसाव्या दिवशी आलीस, तेव्हापासून माझा उंबरठा ओलांडला नाहीस. आता पोराच्याही आड येतेस." बरोबर लिहिलंस. याहून जास्त लिहिलं असतंस तरी मला बोलायला जागा नव्हती.

एंतिन, दादन जी वेल शोधायला गेलाय ती वेलच नाही. तशी वेल या जगात कुठेही नाही. ती मी टेबलावर बसून केली.

सांगते. ५१ साली रुस्दीने पहिल्या खेपेला रानातून नमुन्यांचा गठ्ठा आणला, तो नेहमीसारखा, ओल्या वर्तमानपत्रांत दाबलेला. ईद चार दिवसांवर होती, मला घाई होती. दोन नमुने एकमेकांना चिकटले होते. मी त्यांना एकशे बारा आणि एकशे तेरा असे नंबर घातले. एकाची वेल चपटी, दुसऱ्याची गोल. फळं सगळी गळून मधल्या घडीत पडली होती. सुटी फळं कागदाच्या पाकिटात घालून नमुन्याशेजारी चिकटवायची असतात. मी ती एकशे बाराच्या पाकिटात घातली. होती ती एकशे तेराची. झालं एवढंच. एका बाईचं पान, दुसऱ्या बाईचं फळ, एकाच कागदावर. डॉक्टर व्हिस्माननी ते बघितलं आणि लहान मुलासारखे नाचले. नवी जात! हॉलंडला पत्र गेलं, चित्र काढून झालं. सगळ्यांसमोर म्हणाले, "इयामची शिवण बघा, असं काम हवं," आणि मला टेबलाची मुख्य केलं. माझ्या हाताखाली सहा बायका आल्या. त्या टेबलावर तोवर आपल्यातली कुणी मुख्य झाली नव्हती.

इथवर ती चूक होती. चूक कुणाचीही होते. इथेच थांबले असते तर हे पत्र मी वीस वर्षांपूर्वी लिहिलं असतं.

तुला रुस्दीच्या गाठी आठवत असतील. लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक नमुन्याच्या देठाला केळीच्या सोपाचा, खोडाच्या वाळक्या सालीचा, दोरा बांधायचा. नुसती पानं असली तर एक गाठ, फूल असलं तर दोन, फळ असलं तर तीन. शिवण्याआधी ते दोरे उकलून, मोजून ठेवायचं काम माझं. त्या वेळी एक दोरा कमी भरला होता, मी लक्ष दिलं नाही. तीन आठवड्यांनी टेबलाखालचा केर काढताना तो सापडला. त्यात चपट्या सालीचा एक तुकडा अडकलेला होता. म्हणजे एकशे बाराचाच. आणि गाठ एकच होती.

मी तो मुठीत घेऊन बसले. मला सगळं कळलं, एंतिन. उठायचं, डॉक्टरांच्या खोलीत जायचं आणि सांगायचं, तीस पावलंसुद्धा नव्हती. मी तो दोरा कनवटीला लावला आणि घरी आले.

त्यानंतर आठ दिवसांनी डॉक्टरांनी रुस्दीला फुलासाठी पुन्हा पाठवायचं ठरवलं. "फुलाशिवाय परत येऊ नकोस," असं ते हसत म्हणाले. निघायच्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे जेवायला आला. मी चूल पेटवली आणि तो दोरा तिच्यात टाकला. त्याच चुलीवर त्याचा भात शिजला. वाटेसाठी केळीच्या पानात भात, खारी मासळी आणि मिरची बांधून दिली.

जेवताना तो म्हणाला, "चेउ, मला काही आठवत नाही त्या चपट्या वेलीला फळं असल्याचं. मी तर नुसती पानं तोडली होती."

मी म्हणाले, "तू विसरला असशील. शंभर वेली तोडतोस. डॉक्टरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

माझ्या मनाशी हिशोब असा होता की हा जाईल, काही मिळणार नाही, हात हलवत परत येईल. चार दिवसांनी सगळे विसरतील. वेल खोटी आहे, पण कडा खरा आहे आणि दरीही खरी आहे, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. सहाव्या दिवशी त्याला चादरीत घालून आणलं.

एक सांगते, त्याने तुझ्या मनाला थोडं बरं वाटेल. त्याला माझं म्हणणं पटलं होतं. मनात काही किंतु न ठेवता गेला तो.

मग डॉक्टरांनी त्याचं नाव त्या वेलीला दिलं. तू चाळिसाव्या दिवशी सगळ्या गावाला ते चित्र दाखवत होतीस, "बघा, हा मेला नाही, पुस्तकात आहे." मी भिंतीला टेकून उभी होते. त्या दिवशी परत आले आणि पुन्हा यायचं धाडस झालं नाही. गुडघे तेव्हा चांगले होते.

मागच्या महिन्यात पूर्बाबाई एकशे बारासमोर बसून म्हणाल्या होत्या, "एक तर ही वेल चमत्कार आहे, नाहीतर कुणीतरी घोळ घातलाय. पण कागद तुमच्या हातचा आहे, बू इयाम, तेव्हा घोळ नसणार." मी सुईत दोरा ओवत राहिले. तुला पत्रात लिहिलं की त्यांच्याशी बोलते. बोलले नाही. छप्पर लिहिलं, जळवा लिहिल्या, सोबांद्रींची मुलगी लिहिली. त्या पत्रात खरी ओळ एक लिहिली असती तर दादन आज घरी असता.

काल तुझं पत्र वाचून तशीच हर्बेरियममध्ये गेले आणि बाईंना सांगितलं. त्यांनी एकशे तेराचा कागद काढला, त्याच्या रिकाम्या देठांशी फळं लावून बघितली. बसली. आमच्याकडे मूळ कागदावरचं काही खोडत नाहीत, काढून टाकत नाहीत. चूकही जागच्या जागी ठेवतात आणि शेजारी चिठ्ठी चिकटवतात. बाईंनी चिठ्ठी आणि लेखणी माझ्यापुढे केली. मी लिहिलं: "या पाकिटातली फळं एकशे तेरा नंबरची आहेत. इथे मी घातली. इयाम." तारीख घातली. डिंक मीच लावला.

मग त्या म्हणाल्या, "उजाडलं की जीप पाठवते. तुम्ही पत्र लिहा. नुसत्या निरोपाने ती माउली पोराला परत बोलावणार नाही." म्हणून हे एवढं लिहिलं. दुसऱ्या कुठल्याही कारणाने तू त्याला परत बोलावलं नसतंस, हे मला ठाऊक आहे. मीही नसतं बोलावलं.

एंतिन, माणसं निघाली का?

इयाम


चिवारिंगिन,
१६ एप्रिल १९७३

एंतिन,

कारमिन परत आला तेव्हा मी फाटकाशीच उभी होते. त्याने लांबूनच हात वर केला. दादन जिवंत आहे हे असं कळलं. कारमिनने सांगितलं की कड्याखाली तुमच्या माणसांना तो सापडला, दरीवरच्या झाडावर अर्धा चढलेला, आणि त्यांच्या हाका ऐकून उतरायला तयारच होईना. "वर कळ्या दिसतायत," म्हणत होता. शेवटी तुझ्या भावाने खालून तुझा निरोप ओरडून सांगितला, तेव्हा हाताशी आलेली एक फांदी तोडून उतरला.

ती फांदी पूर्बाबाईंनी माझ्यासमोर उघडली. चार पाकळ्या, चपटी वेल. केंदेंगच्या प्रत्येक ओढ्याला असते ती, फुलते मात्र उंच शेंड्यावर, साधी, शंभर वर्षांपूर्वीच नाव दिलेली. रुस्दीचं नाव आता त्या जुन्या नावाखाली बारीक अक्षरात जाईल, पुढे लिहिलेलं असेल की ही जात धरू नये. बाईंना वाईट वाटलं. मला म्हणाल्या, दुसऱ्या एखाद्या वेलीला त्याचं नाव देईन. मी म्हटलं, नको. आधी त्याच्या बायकोला विचारा.

कारमिनने तुझा निरोपही दिला. शिव्या असतील असं वाटलं होतं. असत्या तर बरं झालं असतं. तू एवढंच विचारलंस, "चेउला म्हणावं, त्याला पटलं होतं हे तिने खरं लिहिलंय का? तो माझ्याकडे येऊन सामान बांधून गेला, तेव्हा तसा दिसत नव्हता."

हा प्रश्न तूच विचारू शकत होतीस. मी दोन आठवडे तो पाठीवर घेऊन फिरतेय. हे पत्र दादन वाचत असणार. दादन, मोठ्याने वाच. तुझ्या आईने विचारलंय आणि तिला उत्तर मिळायला हवं. तुझ्या बापाचं आहे, तुलाही हवं.

नाही. पटलं नव्हतं.

मी "तू विसरला असशील" म्हटलं तेव्हा त्याने पानावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी गूळ चोरायची आणि आईला मांजर सांगायची, तेव्हा बघायचा तसं. त्याने चुलीकडे बघितलं. केळीचं सोप जळताना एक वास येतो, तो त्याला माझ्याहून जास्त ओळखीचा होता. मग त्याने हात धुतले. पायरीवर बसून झाडावर चढताना पायात घालायचं दोरखंडाचं कडं वळत म्हणाला, "डॉक्टरांना फूल मिळालं की ते पाकीट पुन्हा कुणी उघडणार नाही, हो ना?"

मी त्याच्या भाताची पुरचुंडी बांधत राहिले.

"मग फूल आणतो," तो म्हणाला. "तू काही बोलू नकोस. तुझं टेबल जाईल."

म्हणून तो त्या झाडावर चढला, एंतिन. रिकाम्या हाताने आला असता तर डॉक्टर पुन्हा तो कागद काढून बसले असते. रुस्दी भित्रा नव्हता, पण मूर्खही नव्हता. पावसात दरीवरच्या झाडावर तो एरवी कधी चढला नसता, हे तू बावीस वर्षं सगळ्यांना सांगतेस आणि कुणी तुझं ऐकत नाही. तुझं खरं होतं.

टेबल गेलं नाही. सतरा वर्षं मी त्याची मुख्य होते.

माझ्याकडे आता सांगायचं काही उरलं नाही. तू या पत्राला उत्तर देऊ नयेस. दादनलाही माझ्या छपरासाठी पाठवू नयेस.

ज्याने माझ्यासाठी तोंड मिटलं, त्याची बहीण,
इयाम